जरा पिशवीकडं बघा

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले बाई एकदाची! लातूरहून पहाटे निघाले, नांदेडला गाडी बदलली, हिमायतनगरला पुन्हा बदलली. तिथून पुढची गाडी म्हणजे काय सांगू! खिडक्यांचा असा खुळखुळाट की शेजारचे आजोबा मला काय विचारत होते ते शेवटपर्यंत कळलंच नाही, मी आपली मान हलवत राहिले. बेलखेडी हे किनवटच्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव. सागाची झाडं सुरू होतात तिथंच वसलंय. हवा इतकी स्वच्छ की लातूरच्या धुळीत वाढलेल्या माझ्या नाकाला शिंका येऊन राहिल्यात.

आईला वाटतं मी वेडी आहे. जिथं बॉम्ब फुटला तिथं स्वतःहून कोण जातं, असं ती शेजारच्या काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होती. पण समुपदेशनाची पदवी घेऊन कोचिंग क्लासच्या पोरांना परीक्षेची भीती घालवायचे धडे देऊन देऊन मला वीट आला होता. इथं खरं काम आहे. दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी, भर बाजारात, बसस्टँडच्या शेडमध्ये कुणीतरी पिशवी ठेवून गेलं. ठेवणारा अजून सापडलेला नाही. ज्यांची माणसं गेली ते, जखमी झाले ते, आणि ज्यांना खरचटलंही नाही पण रात्रभर डोळा लागत नाही ते, अशा सगळ्यांसाठी जिल्ह्यानं मला सहा महिन्यांकरता पाठवलंय.

खोली झकास मिळाली. मोहियोद्दीनचाचांचं बांगड्यांचं दुकान खाली, गच्चीवरची खोली माझी. बाहेरून लोखंडी जिना, वर यायला तेवढी एकच वाट. मोरी आणि नळ खाली अंगणात, एवढाच काय तो त्रास. त्यांच्या घरवाली बेगमबी फार मायाळू. सामान ठेवते न ठेवते तोच खिचडी आणि चिंचेचा खट्टा समोर. इतकं खाल्लं की हे लिहिताना पोट टेबलाला लागतंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आरोग्य केंद्रात औषधांच्या खोलीत मला एक टेबल आणि दोन खुर्च्या मिळाल्यात. दारावर मोठ्या हौसेनं ‘मनाचा दवाखाना’ अशी पाटी लावली. एक माणूस फिरकेल तर शपथ! गावातल्या आशा सेविका साखराबाई म्हणाल्या की मॅडम, ती पाटी काढा, डोकं फिरल्याचा दवाखाना म्हणतेत लोकं. काढली. मग साखराबाईच म्हणाल्या की पाठदुखीचं म्हणून बोलवा, पाठ समद्यांचीच दुखती.

आणि खरंच आले की लोक! पाठ दुखते म्हणत बसायचे आणि चहा संपेपर्यंत रडू लागायचे. कुणाला कुकरची शिट्टी सहन होत नाही. एक शिक्षक वर्गाचं दार लावून घेऊ देत नाहीत. श्वासाचे साधे व्यायाम शिकवले, पाय जमिनीवर टेकवून आजूबाजूच्या पाच गोष्टींची नावं घ्यायला शिकवली. बेगमबींना तर ते इतकं आवडलं की त्या आता दुपारी ओट्यावर बसून मोठ्यानं म्हणतात, कोंबडी, बादली, चाचा, चाचाची टोपी. मला हसू आवरेना.

९ नोव्हेंबर, रविवार

आज साखराबाईंनी मला बसस्टँडवर नेलं. शेड पाडून टाकलीय, नुसता काळपट चौथरा उरलाय. त्यावर एक बाई बसलेली. कस्तुराबाई. पन्नाशीच्या असतील, पण अंगावर मांस म्हणून नाही. पूर्वी तिथंच उकडलेल्या शेंगा विकायच्या. त्यांचे मालक ग्यानोबा त्या दिवशी गेले. तेव्हापासून रोज पहिल्या गाडीला येऊन बसतात आणि शेवटची गाडी गेल्यावर लेक उचलून नेतो. खात नाहीत, झोपत नाहीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की असंच चाललं तर बाई महिना काढणार नाही.

बसण्याची तऱ्हा विचित्र आहे. उजवा हात शेजारी जरा उंच धरलेला, जणू कशावर तरी ठेवलाय. आणि नजर सारखी त्या हाताखाली. मी नमस्कार केला तर म्हणाल्या, बस बाई, पर त्या अंगाला बसू नको.

मी ठरवलंय. बाकी काही जमो न जमो, या बाईला तिथून उठवायचंच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज कस्तुराबाई बोलल्या. लेकाच्या मोटारसायकलवरून कशाबशा केंद्रात आणल्या. तिथंही हात तसाच.

त्या सोमवारी एक माणूस आला. साधाच, चांगल्या घरचा दिसत होता. शेंगा घेतल्या, आणि म्हणाला की मावशी, जरा पिशवीकडं बघा, आलोच मी. त्या हाव म्हणल्या. आता यात नवल काय? आपल्याकडं नाही कोण म्हणतं? स्टँडवर, दवाखान्यात, तहसीलच्या रांगेत, आपण सगळेच अनोळखी माणसावर सामान टाकून खुशाल चहाला जातो. आणि ज्याला सांगितलं तो बिचारा त्याची गाडी सुटली तरी हलत नाही.

मग कस्तुराबाईंना पाण्याला जायचं होतं. ग्यानोबा परगावी निघता निघता त्यांचं जेवण घेऊन आले होते. त्या त्यांना म्हणल्या, बसा हितं, कुणाची तरी पिशवी हाय, बघा जरा, आले मी. टाकीपाशी पोचल्या आणि मागं सगळं उडालं. त्यातलं वाईट म्हणजे, ग्यानोबांना शेजारच्या पानवाल्यानं गाडी लागली, चला म्हणून बोलावलं होतं. ते म्हणाले की कसं येऊ, शब्द दिलाय. पानवाला गाडीत चढला म्हणून वाचला, त्यानंच नंतर हे सांगितलं.

कस्तुराबाई म्हणतात की मालक गेल्यावर पिशवी परत माझ्याकडंच आली. तो माणूस न्यायला येईल म्हून बसून राहिले.

मी बाहेर येऊन भिंतीशी उभी राहून रडले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नांदेडला मल्लिकार्जुन सरांना फोन केला. आमच्या टीमचे मनोविकारतज्ज्ञ, माझं काम तेच बघतात. ते म्हणाले की तिच्या कल्पनेशी भांडू नको, तिला ती पिशवी मनातल्या मनात खाली ठेवायला शिकव. आणि एक बजावलं. ऐकायचं, उचलायचं नाही. दुसऱ्याचं दुःख आपल्या हातात घेतलं की ना त्याचं हलकं होतं ना आपल्याला चालता येतं. मी हो हो म्हटलं. सर फार चांगले आहेत, पण प्रत्येक फोनला हेच सांगतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जमलं! जमलं जमलं जमलं!

सुरुवातीला काहीच जमत नव्हतं. कस्तुराबाईंना म्हटलं डोळे मिटा, पिशवी हळूच खाली ठेवा, तर त्या थरथर कापायला लागल्या. खाली कशी ठेवू, लोकाची वस्तू हाय. म्हटलं पोलिसांना द्या. तर म्हणल्या, ते काय हाव म्हणून राहिलेत का? घामानं लुगडं भिजलं. मला ते बघवेना. काय वाटलं कुणास ठाऊक, मी हात पुढं केला आणि म्हटलं, द्या माझ्याकडं, मी बघते.

त्यांनी डोळे उघडले. मग विचारलं, खरंच बघशील का? मी म्हटलं, हाव.

त्यांचा हात खाली आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. उठल्या, केंद्रातल्या माठातलं पाणी प्यायल्या, पदर नीट केला आणि भूक लागली म्हणून घरी गेल्या. चालत! लेक मोटारसायकल घेऊन मागं मागं, तोंड उघडं टाकून. मला इतका आनंद झालाय की काय करू सुचत नाही. सरांना मात्र हात पुढं केल्याचं सांगितलं नाही, उगाच भाषण ऐकावं लागेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कस्तुराबाई बाजारात शेंगा विकायला बसल्या! टोपलं भरून, गिऱ्हाइकाशी भांडत. मला बघून ओंजळभर शेंगा दिल्या आणि किती वाळलीस गं म्हणल्या. त्या म्हणतात मला! साखराबाई तर माझ्याकडं देव बघितल्यासारखं बघून राहिल्यात. आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, बरं, आता ये घरी.

उजवा खांदा भरून आलाय. उशी बदलायला हवी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

खांद्याचं दुखणं जात नाही म्हणून बेगमबी तेल लावायला बसल्या. बोलता बोलता कस्तुराबाईंचा विषय निघाला. मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं, हात कसा पुढं केला तेसुद्धा. त्यांचा हात थांबला. म्हणाल्या की बेटी, अमानत हाय ती. कुणाची वस्तू सांभाळतो म्हटलं की धनी येईपर्यंत आपण त्या वस्तूपाशी बांधलेले. नाहीतर दुसरं कुणी आपणहून हाव म्हणून घेईल तेव्हा सुटका. आमच्यात तर म्हणतेत की मेल्यावर पण विचारणा होते. तू कशापायी घेतलीस?

मी हसले. म्हटलं बेगमबी, पिशवीच नव्हती हो तिथं, नुसती हवा. त्या हसल्या नाहीत. तेलाची वाटी उचलून खाली गेल्या.

खांद्याच्या असल्या दुखण्याला मल्लिकार्जुन सर परदुःखाचा संसर्ग म्हणतात. रोज तेच ते ऐकून ऐकणाऱ्याला होतो. मला माहीत आहे सगळं. माहीत असलं की होत नाही असं थोडंच आहे. जरा विश्रांती घेतली पाहिजे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज केंद्रात गेले नाही. जायला निघाले, कुलूप हातात घेतलं, आणि वाटलं की खोलीत काहीतरी राहिलंय. परत आत आले. पुन्हा निघाले. पुन्हा तेच. असं करत दुपार झाली.

मग ती दिसली. टेबलाच्या उजव्या अंगाला. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची नायलॉनची पिशवी, बाजाराला नेतो तसली. तोंड सुतळीनं बांधलेलं. भर दुपारी, खिडकीतून ऊन पडलेलं, त्या उन्हात तिची सावलीसुद्धा पडली होती.

डोळे मिटले. पाय जमिनीवर टेकवले. पाच गोष्टींची नावं घेतली. खिडकी, माठ, कॅलेंडर, चप्पल, पिशवी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कुलूप लावायला थांबलं की परत आत जाईन, म्हणून धीर करून दार सताड उघडं ठेवलं आणि धावत बाजारपेठेत गेले, कस्तुराबाईंकडं. विचारलं की पिशवीचा रंग कोणता होता. त्यांनी कधीच सांगितला नव्हता मला, माझी खात्री आहे. त्यांनी माझ्याकडं कोऱ्या चेहऱ्यानं बघितलं. म्हणल्या, कोणती पिशवी गं बाई?

ग्यानोबा गेले ते आठवतं. बॉम्ब आठवतो. पिशवी आठवत नाही. त्यांनी ती मला सगळीच्या सगळी दिलीय.

तिथं उभं राहवेना. वाटलं, जणू दूध गॅसवर ठेवून आले. धावत परत आले. होती. जागेवर होती. आणि मला, देवा शपथ, हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच आता जास्त भीती वाटते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शेवटी सरांना फोन करून तब्येतीचं सांगितलं. ते म्हणाले की ताबडतोब सुट्टी घे, लातूरला जा. बॅग भरली. जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत गेले. पाय पुढं टाकता येईना. खाली बाजार भरलेला, माणसंच माणसं. एवढ्या माणसांत ही सोडून कशी जाऊ? कुणी हात लावला तर? एखादं लेकरू आलं तर?

पोलिसांना फोन केला. एक हवालदार येऊन गेला. सगळी खोली बघितली. पिशवीवरून पाय टाकून गेला. म्हणाला, मॅडम, हितं काहीच न्हाई.

साखराबाई भाजी-भाकरी घेऊन आल्या. माझी दशा बघून म्हणाल्या, मॅडम, तुम्ही जरा पडा, मी हाय हितं. तेवढ्यावर थांबल्या. पण पुढचं माझ्याच तोंडाशी आलं. जरा पिशवीकडं बघा. एवढंच म्हणायचं होतं. बाई हाव म्हणाली असती, मी सुटले असते, आणि तिच्या घरी तीन लेकरं.

मी ओरडले त्यांच्यावर. चालत्या व्हा म्हटलं. रडत गेल्या बिचाऱ्या.

आता पक्कं ठरवलंय. कुणाला म्हणायचं नाही. मेले तरी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

जेवण नाही. बेगमबी दाराबाहेर ताट ठेवतात, आत येत नाहीत. ते बरंच आहे.

हात आपोआप उचलला जातो. पिशवीवर टेकतो. सुतळी खरखरीत लागते. आत काहीतरी कोमट आहे.

तो येईल ना पण? न्यायला? आलोच म्हणाला होता—

आला तर काय. दिली तर काय. न दिली तर—

२६ नोव्हेंबर, बुधवार

आरती आली. माझी धाकटी बहीण. लातूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बेगमबींनी आईला फोन केला असणार. मला बघून आधी रडली, मग शिव्या घातल्या, मग केस विंचरायला बसली.

तिला इथून घालवलं पाहिजे. काही बोलून. वाईट बोलून. बोलले. तुझ्यामुळं आईनं मला कधी काही दिलं नाही, असलं काहीबाही. खोटं सगळं. ती म्हणाली, बोल तायडे, काय बोलायचं ते बोल, तुला घेतल्याशिवाय मी जात नाही.

तिला पिशवी दिसत नाही. नाही दिसत. मी नीट बघितलं, तिची नजर तिकडं जातच नाही.

दिसत नाही तोवर ठीक आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

आरतीनं आत्ता विचारलं—

ही कुणाची गं पिशवी?

मी बोलले नाही. दात आवळून धरलेत. जीभ— 

२७, दुपार

मी बघ म्हटलं नाही. मी काहीच म्हटलं नाही तिला. आईशपथ.

तीच म्हणाली. तायडे, तुझ्या अंगाला वास येतोय, जा खाली, आंघोळ करून ये. सारखी त्या पिशवीकडं काय बघतेस? मी बघते तिच्याकडं. जा तू.

मी नको म्हणायला तोंड उघडलं. आणि खांदा—

खांद्यातली कळ गेली. गेलीच. पाय उठले. मी दारात होते. मी जिना उतरले. अंगणात उभी राहिले आणि पोटभर पाणी प्यायले आणि मला भूक लागली, बाई गं, किती भूक लागली—

काय केलं मी.

वर जायला हवं. जाऊन म्हणायचं, आरती, दे इकडं, मी बघते. एवढंच. एवढंच म्हणायचंय.

जिन्यावर आहे. अर्ध्यावर. वही हातात होती म्हणून लिहितेय, लिहिलं की पाय हलतील. उठ तनुजा. उठ. बहीण आहे तुझी. 

उठते. 

पाय वर जात नाहीत. खाली जायला तयार आहेत. मेले पाय खालीच—

आरती हाक मारतेय. आवाज नेहमीचाच आहे तिचा, घाबरलेला नाही. 

म्हणतेय, तायडे, ते गृहस्थ आलेत गं, पिशवी न्यायला—

जिन्यावर मी बसलेय. माझ्या शेजारून कुणी गेलं नाही. कुणी वर गेलं ना—

विचारतेय, देऊ का म्हणून. आरती, नको, हात नको लावू, थांब, मी आ